जित्याची खोड जाते का?



महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही आजारी व वृद्ध मंडळींना ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी घरोघरी जातो. काही वर्षांपूर्वी अशाच एका शुक्रवारी एका घरी गेलो. खाटेवर बसलेला माणूस आमच्याच वयाचा, चाळिशीतला. प्रार्थना झाली. 'ख्रिस्ताचे शरीर' असे म्हणून आम्ही हात पुढे केला. त्याने 'आमेन' म्हटले, पण तोंड उघडेना. जेमतेम एक बोट आत जाईल एवढीच फट. शेवटी पवित्र भाकरीचा अगदी बारीक तुकडा करून त्याच्या जिभेवर ठेवला आणि वर चमच्याने पाणी पाजले.

निघताना तो म्हणाला, "रोजच्या पाच-सहा पुड्या लागायच्या जी फादर. उद्या सोडतो, उद्या सोडतो म्हणता म्हणता वीस वर्षं निघून गेली."

दाराशी उभी असलेली त्याची आई पदराने डोळे पुसत म्हणाली, "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही फादर."

त्या वेळी आम्हाला काही उत्तर सुचले नाही. आजचा हा पाठ म्हणजे त्या आईला उशिरा दिलेले उत्तर आहे.

कसल्या पुड्या, हे नागपूरकरांना सांगायला नको. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटून दिलेला खर्रा. महाराष्ट्र शासनाने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली, पण पानठेल्यावरचा खर्रा काही थांबला नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील सुमारे २४ टक्के प्रौढ माणसे धूररहित तंबाखू, म्हणजे खाण्याची, चघळण्याची किंवा दातांना लावण्याची तंबाखू वापरत असल्याचे आढळले. म्हणजे जवळजवळ चौघांत एक. मिस्सेला बसलेल्या बाकांवर नजर टाकून हा हिशेब आपणच करून पाहावा. काहींना वाटते, तंबाखू कमी करून सुपारी वाढवली की झाले. पण तोंड आखडण्याचे मुख्य कारण सुपारीच आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीलाही कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत गणले आहे.

खर्रा न खाणाऱ्यांनी मात्र हे पान उलटू नये. कुणाला दारूची सवय आहे, कुणाला रात्री बारापर्यंत मोबाईल चाळण्याची, कुणाला बायकोमुलांवर ओरडण्याची, कुणाला शेजारच्या घरातले चार घरी सांगण्याची. वस्तू वेगळ्या असल्या तरी सवय लागण्याची आणि सुटण्याची रीत बरीचशी सारखीच असते.

सवय कशी लागते?

आपल्या भाषेत एक छान शब्द आहे : अंगवळणी पडणे. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा केली की अंगाला तसे वळण पडते. मग ती करायला विचार लागत नाही. लहान मुले पाटीवर अक्षरे गिरवतात, घोटतात. पानठेलेवाला खर्रा घोटतो. क्रिया तीच, घोटण्याची. काय घोटले जाते, एवढाच फरक.

ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातील ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल हेच सांगतो. घरे बांधून माणूस गवंडी होतो, वाद्य वाजवून वादक होतो. तसेच न्यायाची कृत्ये करून न्यायी आणि धैर्याची कृत्ये करून धैर्यवान होतो. आधी चांगला होईन आणि मग चांगले वागेन, असा क्रम नाही. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला हे फार सोपे वाटले होते. पुढे लोकांची पापनिवेदने ऐकताना आणि स्वतःची करताना कळले, की वाईट सवयही याच वाटेने येते.

संत अगस्तीन यांनी आपल्या आत्मनिवेदनात आई संत मोनिका हिच्या लहानपणची एक गोष्ट सांगितली आहे. मोनिकाचे आईवडील तिला पिंपातून द्राक्षारस काढून आणायला पाठवीत. तो भांड्यात ओतण्याआधी ती ओठ लावून एक थेंब चाखायची. हावेने नव्हे, पोरवयातल्या खोडकरपणाने. आज एक थेंब, उद्या आणखी थोडा, असे करता करता ती पेलेच्या पेले पिऊ लागली. एके दिवशी भांडणात घरच्या दासीने तिला 'दारुडी' म्हटले. तो शब्द तिला असा झोंबला की तिने ती सवय तिथेच टाकली. पुढे जी संत झाली, तिलाही खोड अशीच एकेक थेंबाने लागली होती.

सवय पक्की होते तेव्हा तिला एक खूण जोडलेली असते. चहा संपला की खर्रा. जेवणाचे ताट उचलले की खर्रा. गाडी अमुक चौकात आली की हात आपोआप खिशाकडे. खूण दिसते, कृती घडते, थोडे बरे वाटते. आणि ते बरे वाटणे पुढच्या वेळेची वाट तयार करते. मेंदूच्या आतल्या भागात अशा वाटा पडतात, असे शास्त्रज्ञ सांगतात. त्यात तंबाखूमधील निकोटिन शरीरालाच आपली मागणी शिकवते. म्हणून खर्रा खाणाऱ्याला तलफ येते ती केवळ मनाची नसते, अंगाचीही असते. 'त्याला मनातूनच सोडायचा नाही' असे फटकन म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

सवय आणि दोष

मग यात माणसाचा दोष किती? संत अगस्तीन स्वतःच्या तारुण्याविषयी लिहितात, की त्यांना बांधणारी साखळी बाहेरची नव्हती. ती त्यांच्याच इच्छेची होती. वाकड्या इच्छेतून वासना, वासनेचे लाड केल्यावर सवय, आणि सवयीला विरोध न केल्यामुळे गरज, अशी एकात एक अडकलेली कडी. पहिली कडी आपण घालतो. शेवटची कडी आपल्याला धरून ठेवते. संत पौलही रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात कबूल करतो, की जे करावेसे वाटते ते हातून होत नाही आणि ज्याचा तिटकारा आहे तेच घडते.

ख्रिस्तसभेची धर्मशिकवण येथे तोल सांभाळते. परिच्छेद २२९० मध्ये संयमाच्या सद्गुणाविषयी बोलताना अन्न, दारू, तंबाखू व औषधे यांचा अतिरेक टाळावा असे स्पष्ट सांगितले आहे. त्याच धर्मशिकवणीचा परिच्छेद १७३५ सांगतो की सवयीमुळे माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते. म्हणजे सवयीने जखडलेल्या माणसाला लाथाडायचे नाही, आणि 'तुझे काहीच चुकत नाही' असे म्हणून सोडूनही द्यायचे नाही. आज तो कदाचित सवय सोडू शकणार नाही. पण सोडण्याच्या दिशेने एक पाऊल टाकू शकेल. त्या एका पावलाची जबाबदारी त्याची आहे. आणि त्याला हात देण्याची जबाबदारी आपली आहे.

झाडलेले रिकामे घर

मत्तयच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात प्रभू येशू एक दाखला देतो. अशुद्ध आत्मा माणसातून निघतो, भटकतो, परत येऊन पाहतो तर घर झाडलेले, सजवलेले, पण रिकामे. मग तो आपल्याहून वाईट असे आणखी सात आत्मे घेऊन येतो, आणि त्या माणसाची शेवटची दशा पहिलीपेक्षा वाईट होते.

खोड सोडू पाहणाऱ्याने हा दाखला पाठच करावा. आपण घर झाडतो. प्रायश्चित्तकाळात खर्रा बंद, दारू बंद, ओरडणे बंद. राखेच्या बुधवारी निश्चय आणि पुनरुत्थानाच्या सोमवारी पुन्हा ठेला. का? घर झाडले, पण त्यात राहायला कुणी आणले नाही. जेवणानंतरची ती दहा मिनिटे रिकामीच राहिली, आणि जुना भाडेकरू चावी घेऊनच बसला होता.

म्हणून 'काय सोडू?' या प्रश्नासोबत 'त्या जागी काय ठेवू?' हाही प्रश्न विचारला पाहिजे. आमचीही एक कबुली देतो. पहाटे उठल्यावर प्रार्थनेचे पुस्तक हाती घेण्याऐवजी मोबाईल हाती येऊ लागला होता. निश्चय अनेकदा केला, टिकला नाही. शेवटी रात्री मोबाईल खालच्या कार्यालयात चार्जिंगला लावू लागलो आणि उशाशी पुस्तक ठेवले. आमची इच्छाशक्ती एका रात्रीत वाढली नव्हती, फक्त हाताशी येणारी वस्तू बदलली होती.

थोडे, पण रोज

सवय बदलायला किती दिवस लागतात? एकवीस, असे सर्रास सांगितले जाते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी ९६ जणांना एकेक लहानशी नवी सवय निवडायला सांगून १२ आठवडे त्यांची नोंद ठेवली. तो अभ्यास २०१० साली छापून आला. नवी कृती आपोआप घडू लागण्याचा काळ माणसागणिक फार वेगळा निघाला : कुणाला १८ दिवस, तर कुणाच्या बाबतीत अंदाज २५४ दिवसांचा, मधला आकडा ६६. त्यात आणखी एक गोष्ट दिसली. एखादा दिवस चुकला म्हणून घडत आलेली सवय मोडली नाही. आपल्याला उपयोगाचे एवढेच, की एकविसाव्या दिवशी जमले नाही म्हणून कुणी हार मानू नये, आणि एक दिवस चुकला म्हणून सगळे सोडून देऊ नये.

तंबाखूची तलफ लाटेसारखी येते. जोरात येते, काही मिनिटांत ओसरते. पहिले काही दिवस सर्वांत कठीण, मग हळूहळू जोर कमी होतो. तेवढी मिनिटे काढण्याची युक्ती आधीच ठरवून ठेवावी : थोडे पाणी, चार बडीशेपेचे दाणे, अंगणात एक फेरी, जपमाळेचा एक दशक.

आपल्या धर्मग्रामातल्या खर्रा खाणाऱ्या प्रत्येकाने सवय मोडण्याची सुरुवात आधीच केलेली आहे, हे त्यालाही ठाऊक नसेल. ख्रिस्तप्रसाद घेण्यापूर्वी एक तासाचा उपवास आपण पाळतो. दर रविवारी मंदिराच्या फाटकाशी तोंड धुऊन आपण आत येतो आणि मिस्सा संपेपर्यंत खर्र्याशिवाय बसतो. म्हणजे हे जमते! प्रभूसाठी जमते. मग त्या एका तासाचे दोन करा. पुढच्या आठवड्यात मिस्सेनंतर घरी जेवण होईपर्यंत. मग पूर्ण रविवार. जो तास आपण आधीच प्रभूला दिला आहे, त्याचीच कड धरून पुढे जायचे.

लोयोलाचे संत इग्नाती यांनी यासाठी एक साधन दिले आहे. एका वेळी एकच दोष निवडायचा. सकाळी उठताच त्याविषयी सावध राहण्याचा निश्चय करायचा. दुपारी आणि रात्री जेवणानंतर मन तपासायचे आणि जितक्या वेळा चूक झाली तितके ठिपके कागदावरच्या ओळीत काढायचे. दुपारची ओळ रात्रीच्या ओळीशी, आजचा दिवस कालच्याशी, हा आठवडा मागच्याशी ताडून पाहायचा. चूक होताच हळूच छातीवर हात ठेवायचा. चार माणसांतही ते कुणाला कळत नाही. खिशातल्या छोट्या वहीत हे करता येते.

पडलो तर?

पडणार. बहुतेक सगळे पडतात. 'पापनिवेदन केले, मनापासून केले, तरी दुसऱ्या दिवशी तलफ आलीच. म्हणजे देवाने क्षमा केली नाही का?' असे आम्हाला विचारले जाते. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात याचे उत्तर देऊन ठेवले आहे. कृपेबरोबर देव सद्गुण देतो. पण पूर्वीच्या कृत्यांनी पाडलेला कल काही काळ उरतोच, आणि म्हणून चांगले वागणे जड जाते. जड जाणे म्हणजे कृपा नसणे नव्हे. ते असेही सांगतात, की ज्या सवयीची कृत्ये थांबतात ती सवय हळूहळू क्षीण होते. न वापरलेल्या पायवाटेवर गवत उगवते, तसेच.

आपल्या नागपूरचे महामंदिर ज्यांच्या नावाने उभे आहे, ते संत फ्रान्सिस द सेल्स यांनी भक्तिमय जीवनाविषयीच्या आपल्या १६०९ सालच्या पुस्तकात स्वतःशी सौम्यपणे वागण्यावर एक अख्खे प्रकरण लिहिले आहे. बापाने रागाने आदळआपट केली तर मूल जितके सुधारत नाही तितके शांतपणे समजावल्याने सुधारते. आपल्या अंतःकरणाचेही तसेच आहे, असे ते म्हणतात. पडल्यावर स्वतःला शिव्या देणारा माणूस बहुधा त्या दुःखातच पुन्हा पुडी सोडतो. पडलो, हे मान्य करावे, प्रभूची क्षमा मागावी, त्या दिवशीचा ठिपका काढावा आणि पुढचा तास सांभाळावा.

एकट्याने नव्हे

याचे एक जिवंत उदाहरण आपल्यासारख्याच मजुरी करणाऱ्या एका माणसाचे आहे. आयर्लंडमधील डब्लिन शहरात १८५६ साली जन्मलेले मॅट टॅल्बट बारा वर्षांचे असताना कामाला लागले आणि तेव्हापासूनच पिऊ लागले. १८८४ साली एके दिवशी खिशात पैसा नव्हता. ज्यांना नेहमी पाजले होते ते मित्र गुत्त्याच्या कोपऱ्यावरून निघून गेले. एकानेही बोलावले नाही. ते घरी आले, आईला आपला विचार सांगितला आणि धर्मगुरूंकडे जाऊन शपथ घेतली. जन्माची नव्हे, तीन महिन्यांची. ते तीन महिने फार कठीण गेले. मग सहा महिन्यांची, आणि मग कायमची. गुत्ता टाळण्यासाठी ते खिशात पैसे ठेवीनासे झाले, आणि कामावरून सुटल्यावर गुत्त्याच्या वेळेला मंदिरात जाऊन बसू लागले. घर झाडले आणि रिकामे ठेवले नाही! पुढची चाळीस वर्षे ते पुन्हा प्याले नाहीत. १९२५ साली मिस्सेला जातानाच रस्त्यात त्यांना मरण आले. १९७५ साली पोप सहावे पॉल यांनी त्यांना 'पूजनीय' घोषित केले.

त्यांच्यामागे आई होती, धर्मगुरू होते, मंदिर होते. गडचिरोली जिल्ह्यातही हेच दिसते. तेथे लोकांच्या मोठ्या चळवळीनंतर १९९३ साली दारूबंदी आली. २०१६ पासून डॉ. अभय बंग यांच्या पुढाकाराने 'मुक्तिपथ' हा दारू व तंबाखू कमी करण्याचा कार्यक्रम सुरू झाला. त्यात एकेका माणसाला उपदेश करून न थांबता गावाने मिळून ठरवायचे, की आपल्या गावात दारू आणि खर्रा विकू द्यायचा नाही. खुणाच कमी झाल्या की सोडणाऱ्याची लढाई हलकी होते.

आपल्याला हे वस्तीत आणि घरात करता येईल. लग्नाच्या मांडवात पाहुण्यांसमोर खर्रा, सुपारीचे ताट ठेवू नये. मुलाला पुडी आणायला ठेल्यावर पाठवू नये. त्याची पहिली कडी आपल्या हाताने घातली जाते. सोडू पाहणाऱ्याला 'बघू किती दिवस टिकतोस' असे म्हणू नये. तोंडात पांढरा चट्टा, न भरणारी जखम किंवा तोंड कमी उघडणे जाणवले तर थांबू नये. आपल्याकडच्या शासकीय दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखवावे. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. फार वर्षे रोज दारू पिणाऱ्याने मात्र ती एकदम स्वतःच्या मनाने बंद न करता आधी डॉक्टरांना भेटावे. अचानक बंद केल्याने जिवाला धोका होऊ शकतो. डॉक्टरांकडे जाणे म्हणजे श्रद्धा कमी असणे नव्हे.

त्या आईला उत्तर

'जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही' ही म्हण खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. उलट, ती आपल्या विश्वासाच्या फार जवळची आहे. रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात संत पौल सांगतो, की बाप्तिस्म्यात आपण ख्रिस्ताबरोबर मेलो आणि पुरलेही गेलो, यासाठी की नव्या जीवनात चालावे. म्हणजे खोड जायला जे मरण लागते, ते आपल्या वाट्याला आधीच आले आहे. आता ते रोज थोडे थोडे जगायचे आहे : चहानंतरची दहा मिनिटे, त्या चौकातले वळण, वहीतला एक ठिपका.

तो भाऊ पुढे वर्षभरात प्रभूकडे गेला. शेवटच्या महिन्यांत त्याने खर्रा पूर्ण सोडला होता. 'आता सोडून काय उपयोग?' असे काहींनी म्हटलेही. पण त्याचा मोठा मुलगा, जो बापासाठी पुड्या आणायचा आणि येताना त्यातला चिमूटभर स्वतः खायचा, त्यानेही त्याच वेळी सोडला. आजवर त्याने हात लावलेला नाही. माऊली, तुमच्या घरातली एक खोड मेली, आणि नातू जिवंत आहे.

मनन आणि कृती

१. माझी एक सवय कोणती, जी 'उद्या सोडीन' म्हणून मी पुढे ढकलत आहे?

२. ती कोणत्या वेळी, कोणत्या जागी, कोणाच्या सोबतीने घडते? यातले एक मी या आठवड्यात बदलू शकतो का?

३. रिकाम्या होणाऱ्या त्या जागी मी काय ठेवणार आहे?

४. माझ्या घरात सवय सोडू पाहणारे कोण आहे? मी त्याला टोमणा देतो की हात?

प्रार्थना

हे प्रभू येशू, आमच्या घराची किल्ली तुझ्या हाती देतो. जे झाडले आहे ते रिकामे राहू देऊ नकोस. तूच येऊन राहा. आम्ही पडलो तर आम्हाला उठव, आणि उठणाऱ्या भावाला हसण्यापासून आमचे तोंड आवर. त्याच तोंडाने आम्हाला तुझा प्रसाद घ्यायचा आहे. आमेन.